९ दिवस, आई-बाबा, सासूबाई आणि तमिळनाडूतली देवळं. प्लॅन बघून सांगा ना कुणीतरी

चिंचगूळ

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आम्ही पाच जण दक्षिणेत जायचं म्हणतोय, मी, नवरा, माझे आई-बाबा आणि माझ्या सासूबाई. सुट्टी सगळी मिळून ९ दिवस, त्यात जायचा-यायचा वेळ धरला तर हातात ७च राहतात. बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे प्लॅन लिहिलाय तो असा: तिरुपती, कांचीपुरम, तिरुवन्नामलै, चिदंबरम, कुंभकोणम, तंजावर, श्रीरंगम, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, आणि येताना "जमलं तर" पद्मनाभस्वामी. मी नकाशावर नुसतं बोट फिरवलं तरी दमले.

सासूबाईंची एकच अट, रामेश्वर. काशीहून आणलेल्या गंगेचा गडू चार वर्षं देवघरात ठेवलाय आणि तो तिथे वाहायचाय, त्यामुळे ते कापता येणार नाही. पण त्यांचे गुडघे फार दुखतात, पायऱ्या आल्या की चेहराच पडतो. बाबांना दोन वेळा पोळी लागते, नुसता भात खाल्ला की "जेवल्यासारखं वाटत नाही" सुरू होतं. आई बरोबर उलट, तिला प्रत्येक गावात तिथलं काय खास मिळतं ते खायचंय, वहीसुद्धा केलीय. नवऱ्याला फक्त कॉफी हवी.

तर सांगा, काय काय कापू? गाडी करावी की ट्रेन? हिंदी चालते का? देवळात कपड्यांचं काय असतं? आणि खायचं काय, कुठे, कधी? उडप्याकडचा डोसा आणि तिथला डोसा यात खरंच एवढा फरक असतो का की उगाच बोलतात लोक?

पायपीट

ताई, बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा, पण हा प्लॅन ९ दिवसांचा नाही, महिन्याचा आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या जी आपल्याकडच्या माणसाला तिथे जाऊन आपटल्याशिवाय कळत नाही. तिथली बहुतेक मोठी देवळं दुपारी बंद असतात. साडेबाराच्या आसपास दार बंद, ते चार वाजता उघडतं. आपल्याकडे कसं, पंढरपूर काय तुळजापूर काय, दुपारी गेलं तरी रांग सुरूच. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळी आरामात नाश्ता करून, वाटेत एक धबधबा बघून, एका मोठ्या देवळापाशी पोचलो दुपारी एकला. चूक आमचीच. तीन तास बाहेरच्या ओसरीत बसलो आणि बायको तेव्हापासून मला प्लॅनिंग करू देत नाही 😀 म्हणजे दिवसाचे दोन तुकडे होतात, सकाळी ६ ते १२ आणि संध्याकाळी ४ ते साडेआठ-नऊ. दुपारी गाडीतून पुढच्या गावाला जायचं किंवा झोपायचं. या हिशोबाने दिवसाला दोनच मोठी देवळं नीट होतात, तिसरं फक्त "बघितलं" म्हणायला.

तिरुपती काढा, त्याला स्वतंत्र या. कांची, तिरुवन्नामलै उत्तरेकडे राहतात, तेही पुढच्या वेळी. कन्याकुमारी आणि पद्मनाभस्वामी म्हणजे वेगळी ट्रिप, केरळ जोडून करा. उरलं काय, तर कावेरीकाठ, रामेश्वर आणि मदुराई. विमानाने किंवा चेन्नईवरून ट्रेनने त्रिचीला उतरा आणि परत मदुराईहून निघा, म्हणजे त्याच रस्त्याने मागे यावं लागत नाही.

त्रिचीत दोन रात्री, श्रीरंगम आणि तिरुवानैकावल. मग तंजावर करत कुंभकोणम, तिथे दोन रात्री, जवळच दारासुरम, आणि चिदंबरम एका दिवसात जाऊन येता येतं, ७०-७५ किलोमीटर आहे. मग कारैकुडीवरून रामेश्वर, एक-दोन रात्री, शेवटी मदुराई. पाच माणसं आहात तर सात सीटर गाडी ड्रायव्हरसकट सगळ्या दिवसांसाठी एकच करा. दर ठरवताना ड्रायव्हरचा 'बाटा' म्हणजे रोजचा भत्ता, टोल, पार्किंग आत की बाहेर हे आधीच विचारून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी वाद.

त्रिचीतलं रॉकफोर्ट, ते उच्चीपिल्लैयार, डोंगरावरचा गणपती, तिथे चारशेवर पायऱ्या आहेत. सासूबाईंना खालूनच हात जोडायला सांगा. श्रीरंगमला मात्र पायऱ्यांचा त्रास नाही, चालणं खूप आहे. सात प्राकार म्हणजे एकात एक सात भिंती, १५६ एकरांचा पसारा, बाहेरच्या प्राकारांत चक्क बाजार आणि घरं आहेत, माणसं राहतात देवळाच्या आत. तो राजगोपुर, म्हणजे दारावरचा मोठा मनोरा, १९८७ मध्ये पुरा झाला, ते बघून बाबा म्हणतील की हे तर काल-परवाचं. आतलं बघा मग, आतलं जुनं आहे.

कडीपत्ता

पायपीट यांनी रस्ता सांगितला, मी पोटाचं सांगते. नवऱ्याच्या बदलीमुळे तीन वर्षं त्रिचीत काढलीत, परत आल्यावर सहा महिने मला इथली इडली घशाखाली उतरत नव्हती.

चिंचगूळ ताई, फरक आहे, खूप आहे, पण डोसा हे चुकीचं उदाहरण झालं. डोशात आपले उडपी बरे असतात. फरक बघायचा तर सकाळी ७ ला वेन पोंगल खा. तांदूळ आणि मुगाची डाळ एकदम गुरगुट्या शिजवलेली, वर तुपात तळलेली मिरी, जिरं, काजू, आलं. आपल्या मऊ खिचडीचीच बहीण म्हणा पण तूप एवढं की नंतर झोप येते, म्हणून ज्या दिवशी लांबचं देऊळ आहे त्या दिवशी पोंगल नको, इडली घ्या.

जसं देवळाचं घड्याळ असतं तसं खाण्याचंही आहे. सकाळी टिफिन, म्हणजे इडली, वडा, पोंगल, पुरी-मसाला. दुपारी १२ ते ३ 'मील्स', केळीच्या पानावर भात. तेव्हा डोसा मागितलात तर बऱ्याच ठिकाणी मान हलवतील आणि तिथे मान हलवली म्हणजे हो की नाही हे कळायलाच दोन दिवस जातात 😄 संध्याकाळपासून परत टिफिन, रात्री डोसा, उत्तप्पा, इडिअप्पम, चपाती-कुर्मा. म्हणजे बाबांची पोळी रात्री मिळेल, चपाती म्हणून मागायची, सोबत नारळाचा कुर्मा. पण दुपारी नाही मिळणार हे त्यांना गाडीत बसायच्या आधीच सांगून ठेवा.

मील्सला बसलात की घाई करू नका. पानाचं निमुळतं टोक डावीकडे ठेवतात. आधी भात आणि नुसती डाळ, त्यावर तूप, एखादी पोडी, म्हणजे डाळींची कोरडी चटणी. मग सांबार-भात, मग कुळंबू, म्हणजे चिंचेचं दाट आंबट-तिखट, मग रसम-भात, शेवटी ताक किंवा दही-भात. आपण नाही का वरणभाताने सुरू करतो आणि ताकभाताने संपवतो, तेच आहे, मध्ये दोन मुक्काम जास्त. आपली माणसं सांबारालाच पोटभर जेवून टाकतात आणि मग रसम आलं की हात आडवा. रसमसाठी जागा ठेवा हो! आणि भात संपायच्या आत वाढपी पुढचं घेऊन येतो, नको असेल तर "पोदुम" म्हणायचं, पुरे. पाणी "तण्णी", गरम पाणी "सुडु तण्णी", बऱ्याच हॉटेलात स्वतःहूनच कोमट पाणी देतात, आई-बाबांना तेच बरं. तिखट कमी हवं तर "कारम कम्मी".

अजून एक घोळ. पाटीवर 'हॉटेल' लिहिलंय म्हणजे ते खायचं ठिकाण, राहायचं असेलच असं नाही. राहायला 'लॉज' किंवा 'रेसिडेन्सी' बघा. आणि शाकाहारी म्हणजे 'सैवम', मांसाहारी 'असैवम', हे दोन शब्द कानाला सारखेच लागतात म्हणून नीट ऐका.

आता आईंच्या वहीसाठी. कुंभकोणमला 'कडप्पा' मागा, शहाबादी-कडप्पा फरशी नव्हे 😀 बटाटा आणि मुगाच्या डाळीचं पातळसर कालवण, खसखस-खोबऱ्याचं वाटण लावलेलं, इडली-डोशाबरोबर देतात. सगळ्या हॉटेलांत सगळ्या दिवशी नसतं, विचारा. तंजावरजवळ तिरुवैयारू आहे, १२-१३ किलोमीटरवर, तिथला 'अशोका' म्हणजे मुगाच्या डाळीचा हलवा, तूप बोटाला लागून राहतं. त्याच गावात कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे, जानेवारीत पौष वद्य पंचमीला आराधना असते, शेकडो गवय्ये एकत्र बसून पंचरत्न कृती, म्हणजे त्यांच्या पाच रचना, म्हणतात. तुमच्या तारखांत पंचमी येते का बघा, आली तर अजिबात सोडू नका.

मदुराईत इडली मऊ लागते आणि चटण्या चार रंगांच्या येतात. तिथेच जिगरथंडा, दूध, बदाम पिसिन म्हणजे तो फुगवलेला डिंक, नन्नारीचं म्हणजे अनंतमुळाचं सरबत आणि वर आईस्क्रीम. संध्याकाळी रस्त्यावर परुत्तीपाल विकतात, सरकीचं गरम गोड दूध, सुंठ घातलेलं. ऐकून विचित्र वाटतं, मला तर जिगरथंड्याहून जास्त आवडलं. आणि कारैकुडीकडून जाणार असाल तर पणियारम, म्हणजे आपले आप्पे. आईंना सांगा की हे बघा आपले आप्पे इथे किती मोठ्या घरात नांदतात.

भाकरतुकडा

सगळे एवढं रसभरीत लिहितात मग माझ्यासारखा माणूस जातो आणि चौथ्या दिवशी पोळीसाठी रडतो. स्पष्टच लिहितो. घरून दशम्या न्या, दोन-तीन दिवस सहज टिकतात. शेंगदाण्याची चटणी न्या, लसणाची नको, गाडीत वास कोंडतो. मेतकूट न्या, दुपारच्या भातावर बाबांना घालून द्या आणि मग बघा. मी तर तिथल्या वाढप्याला मेतकुटाची चव दाखवली, तो म्हणाला पोडी छान आहे 😂

आणि कन्याकुमारी सगळ्यांनी उडवून टाकली ते मला पटलं नाही. विवेकानंद शिलास्मारक आपल्या पिढीने पाठ्यपुस्तकात बघितलंय, १९७० साली झालं, आई-बाबांच्या वयाच्या माणसांना त्याचं वेगळं वाटतं. देवळं काय, पाचवं देऊळ बघेपर्यंत सगळी गोपुरं डोक्यात एकत्र होतात.

पायपीट

भाकरतुकडा, भावना मान्य, पण मदुराईहून कन्याकुमारी जवळजवळ अडीचशे किलोमीटर, तेवढंच परत. त्या एका सूर्योदयासाठी सासूबाईंना अकरा-बारा तास गाडीत बसवायचं का? शिलास्मारकाला बोटीची रांग, मग पायऱ्या. ७ दिवसांत नाहीच.

गोपुरं एकत्र होतात हे मात्र अगदी खरं आहे. त्याला उपाय म्हणजे प्रत्येक देवळात एकच गोष्ट शोधायची. तिरुवानैकावलला पाण्याचं लिंग, पंचमहाभूतांतलं जल, गाभाऱ्यात पाणी झिरपतं. आणि तिथे दुपारच्या पूजेला पुजारी साडी नेसून येतात, देवी अखिलांडेश्वरी शंकराची पूजा करतेय असं म्हणून, गोपूजाही होते. बाराच्या सुमाराला असते, म्हणजे देऊळ बंद व्हायच्या आत. आईंना ते आयुष्यभर आठवेल. दारासुरमला रथ बघायचा, मंडपालाच चाकं आणि घोडे कोरलेत, आणि एका शिल्पात बैल आणि हत्ती दोघांना मिळून एकच डोकं आहे, एक बाजू झाकली की बैल, दुसरी झाकली की हत्ती. चिदंबरमला पाच मिनिटं एका ठरावीक जागी उभं राहायचं जिथून नटराज आणि गोविंदराज दोघंही दिसतात, शैव-वैष्णव एकाच छपराखाली. तिथे कनकसभेवर, म्हणजे नटराजासमोरच्या मंचावर, जायचं तर पुरुषांना शर्ट काढावा लागतो, बनियनही. म्हणून पंचा किंवा वेष्टी बरोबर असू द्या. बाकी ठिकाणी साधं ठेवा, पूर्ण पँट किंवा लुंगी-धोतर, बायकांना साडी किंवा ओढणीसकट सलवार, बर्म्युडा घालून आलेल्यांना दारातून परत पाठवलेलं मी स्वतः बघितलंय.

मोडीवाचक

तंजावरबद्दल कुणी नीट लिहिलंच नाही म्हणून लिहितो. जरा लांबेल, तंजावरचं नाव निघालं की मला आवरत नाही.

बाबांना सांगा की ते परमुलखात जात नाहीयेत. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, एकोजी, यांनी १६७० च्या दशकात तिथे राज्य घेतलं आणि पुढे १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती. बृहदीश्वराच्या देवळात, जे राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलं, त्याच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातला. चोळांच्या हजार वर्षं जुन्या देवळात भिंतभर मराठी वाचायला मिळते! तमिळ पाट्यांनी डोकं भणभणलेलं असताना अचानक भोसल्यांची नावं दिसली तेव्हा माझ्या शेजारचे एक आजोबा मोठ्याने वाचायलाच लागले आणि सिक्युरिटीवाला बघायला आला काय झालं म्हणून. शिलालेख विचारत जा, नाहीतर लोक नंदी आणि कळस बघून फोटो काढून निघतात.

राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे, तिथे ताडपत्रं आणि मोडीतली कागदपत्रं. सगळं उघडून दाखवत नाहीत, संग्रहालयाचा भाग बघता येतो, पण तासभर सहज जातो. सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा तिथे आहे. मोडी-बिडी येत नसली तरी जा.

दोन दंतकथा तिथे तुम्हाला कुणीतरी सांगणारच. एक, बृहदीश्वराच्या कळसाची सावली जमिनीवर पडत नाही. पडते, मी दुपारी त्या सावलीत उभा राहून नारळपाणी प्यायलोय. खरं आश्चर्य वेगळंच आहे, २०० फुटांहून उंच विमान, सगळं ग्रॅनाइटचं, आणि आसपास कोसोन् कोस ग्रॅनाइटचा डोंगर नाही. भाताची सपाट शेतं. तो दगड आणला कसा याचा विचार करत बसा. दुसरी कथा सांबाराची, की व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या मुदपाकखान्यात संभाजीराजे पाहुणे आले, आमसुलं संपली होती म्हणून चिंच घातली, आणि त्या आमटीला संभाजीराजांचं नाव पडलं. ऐकायला गोड आहे, मीही घरी सांगतो, पण संभाजीराजे त्या धामधुमीत तंजावरला जेवायला गेल्याचा कागद मला कुणी दाखवलेला नाही. आईंच्या वहीत लिहा, फक्त पुढे 'म्हणे' लिहा.

तिथले जुने मराठी लोक अजूनही घरात मराठी बोलतात, आपल्याला अर्धी कळते अशी. कुणी भेटलं तर हसू नका, त्यांना आपलीच विचित्र वाटते.

एक व्यवहाराचं. बृहदीश्वराचं अंगण प्रचंड आहे, दगडी, आणि चपला बाहेर. सकाळी लवकर किंवा पाचनंतर जा. भर उन्हात तळपाय भाजतात, पट्ट्या अंथरलेल्या असतात पण सगळीकडे नाही. जाड मोजे पिशवीत ठेवा. संध्याकाळी दगड सोनेरी दिसायला लागतो आणि गावातली माणसं मुलं घेऊन हिरवळीवर बसतात, तुम्हीही बसा.

चिंचगूळ

मोडीवाचक दादा, बाबांना हे वाचून दाखवलं आणि त्यांनी कॅलेंडरवरून तिरुपती स्वतःच्या हाताने खोडलं!! मी तीन आठवडे बोलतेय त्याचा काही उपयोग झाला नव्हता. तंजावरला आता दोन दिवस पाहिजेत म्हणतायत.

आता रामेश्वरबद्दल सांगा. २२ कुंडांचं स्नान म्हणजे नक्की काय? सासूबाईंना जमेल का? आणि गडूतलं पाणी कसं वाहायचं? त्या मला रोज विचारतात आणि मी "बघते" म्हणते.

वाळूचा_गडू

रामेश्वरला तीनदा गेलोय, शेवटचं गेल्या वर्षी आईला घेऊन, तिचे पण गुडघे गेलेलेच. सांगतो सगळं.

आधी देवळासमोर समुद्रात डुबकी, अग्नितीर्थ. पाणी शांत असतं, पूर्व किनारा असला तरी तिथे लाटा नाहीत, तळ्यासारखं. मग ओल्याच कपड्यांनी देवळाच्या आत जायचं आणि एकामागून एक २२ तीर्थं, बहुतेक विहिरीच आहेत. तिकीट काढायचं, प्रत्येक विहिरीवर माणूस उभा असतो, बादली टाकून पाणी काढतो आणि डोक्यावर ओततो. चव प्रत्येक विहिरीची वेगळी लागते असं म्हणतात, मला दोन-तीन ठिकाणी खरंच वाटली. खरा प्रश्न फरशीचा आहे. सगळीकडे पाणी, शेवाळलेलं, माणसं धावत असतात. आईला आम्ही समुद्राचं पाणी नुसतं डोक्याला लावलं, आणि आत पहिल्या दोन विहिरींवर पाणी घेऊन बाकीच्या माझ्या हातून. तिथल्या माणसाने स्वतःच सांगितलं, आजी तुम्ही बसा. सासूबाईंनाही असंच करा, पुण्य कमी होत नाही. ग्रुपला घेऊन "मी सगळं करून देतो" म्हणणारे दलाल बाहेर भेटतील, काउंटर शोधा आणि स्वतः तिकीट काढा.

स्नान झाल्यावर कपडे बदलायचे, ओल्याने गाभाऱ्याकडे जाऊ देत नाहीत. म्हणून कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत, आणि ती पिशवी धरायला एक माणूस कोरडा ठेवा. जावईबापूंना ठेवा, त्यांना कॉफीच हवीय ना.

पहाटे ५ ते ६ स्फटिकलिंगाचं दर्शन असतं. त्याला वेगळं तिकीट, साडेचारला रांगेत असावं लागतं. गर्दी असते पण तो तास खरंच वेगळा.

गंगेचं पाणी वाहता येतं, त्याला देवळाच्या ऑफिसात तिकीट मिळतं, अभिषेकाची वेळ विचारून घ्या. गडू तांब्याचा-पितळेचाच राहू द्या, प्लास्टिकच्या बाटलीत ओतून नेऊ नका. आणि विमानाने जाणार असाल तर तो गडू केबिन बॅगेत नको हो, सिक्युरिटीला अडवला तर पंचाईत. चार वर्षं जपलेली गंगा विमानतळावर ओतावी लागली तर काय तोंड दाखवाल! झाकण पक्कं बंद करून, कपड्यात गुंडाळून चेक-इनला.

सासूबाईंना अजून एक सांगा, गाभाऱ्यातले पुजारी मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण, शृंगेरी मठाची दीक्षा घेतलेले. आता बोलतात तमिळच, पण कळलं की आईचा चेहरा असा खुलला की काय सांगू. नाथांनी रामेश्वरला न्यायची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली ती गोष्ट ती सगळ्या रस्त्याने सांगत होती, ड्रायव्हरला पण, मराठीतून. तो हो हो म्हणत होता.

देवळाचा बाहेरचा प्राकार, तो लांबच लांब खांबांचा, १२१२ खांब, तिथे दुपारी दार बंद व्हायच्या आधी अर्धा तास रिकामा सापडला तर तेवढाच बघा, बाकी काही नको. पुलावर गाडी थोडी हळू घ्यायला सांगा, बाजूला रेल्वेचा नवा पांबन पूल दिसतो, एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला, बोट आली की मधला भाग सरळ वर उचलला जातो. आधीचा जुना पूल १९१४ चा. धनुष्कोडी दिवसाउजेडी करा, वीसेक किलोमीटर आहे, डिसेंबर १९६४ च्या वादळात गेलेल्या गावाची पडकी चर्चची भिंत आणि दोन्ही बाजूंना समुद्र. अंधार पडायच्या आत परत पाठवतात.

आणि हो, तारीख! पौष अमावस्या तुमच्या दिवसांत येते का बघा. त्यांची ती थै अमावस्या, पितरांसाठी लाखो लोक रामेश्वरला येतात. त्या दिवशी सासूबाईंना घेऊन अजिबात जाऊ नका, एक दिवस मागे-पुढे करा.

कडीपत्ता

तारखेवरून आठवलं, थैपूसम, म्हणजे मुरुगनचा (आपला कार्तिकेय) उत्सव, तोही त्याच सुमारास, पालनीला चालत जाणारे हिरव्या-भगव्या कपड्यातले लोक रस्त्याने दिसतील, स्वामीमलैसारख्या मुरुगनच्या देवळात त्या दिवशी गर्दी. बाकी जानेवारीचा शेवट एकदम छान, पाऊस गेलेला, ऊन अजून चावत नाही, कावेरीकाठी भातकापणी सुरू असते.

कारैकुडीकडून रामेश्वरला जाताना पिल्लैयारपट्टीचा गणपती करा. खडकातच कोरलेला, उजव्या सोंडेचा, आणि हात दोनच! आपले मोदक तिथे कोळकट्टै.

मदुराईत एक रात्र तरी राहाच, कारण मीनाक्षीच्या देवळातली खरी मजा रात्री नऊच्या सुमाराला. सुंदरेश्वराला चांदीच्या पालखीतून मीनाक्षीच्या शयनगृहात नेतात, वाजंत्री, धूप, चवऱ्या. रोज. फोन आत नेता येत नाही, बाहेर जमा करायचा, आणि त्यामुळेच की काय माणसं खरंच बघत असतात. आम्ही राहायचो तेव्हा महिन्यातून एकदा तेवढ्यासाठी जायचो.

भाकरतुकडा

कॉफीचं कुणी लिहिलंच नाही, बिचाऱ्या नवऱ्याचा प्रश्न तसाच राहिला. हायवेवर दर दोन किलोमीटरवर 'कुंभकोणम डिग्री कॉफी' अशी पाटी दिसेल, पितळेचे पेले मांडून. सगळ्या चांगल्या नसतात. गावातल्या जुन्या हॉटेलात उभ्याने प्यावी. डवरा-टंबलर, म्हणजे वाटी आणि पेला, येतो, वाटीतून पेल्यात दोन-तीनदा उंचावरून ओतायची, फेस येतो आणि थंडही होते. गरम पेला हातात धरता येत नाही म्हणून मी पहिल्यांदा आपल्या बशीसारखी वाटीतूनच प्यायलो, शेजारचा मामा काही बोलला नाही पण बघत राहिला. साखर जास्त घालतात, कमी हवी तर आधीच सांगा.

(एवढं लिहून मला परत जावंसं वाटतंय, मेतकूट घेऊन.)

चिंचगूळ

सगळ्यांचे खूप खूप आभार. आता असं ठरलंय: त्रिची २, कुंभकोणम २ पण तंजावरला जाताना-येताना दोन्हीदा थांबून, रामेश्वर २, मदुराई १. चिदंबरम सासूबाईंचे पाय बघून. मोजे, पंचे, मेतकूट, चेक-इनचा गडू, सगळं यादीत. कन्याकुमारी बाबांनी कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलंय, पेनने नाही, एवढी प्रगती आहे.

कडीपत्ता

एक राहिलंच. अर्चनेचं तिकीट काढलंत की गुरुजी नाव, गोत्र आणि नक्षत्र विचारतात. रास नाही, नक्षत्र. आपली माणसं तिथे उभी राहून घरी फोन लावायला जातात आणि फोन तर बाहेर जमा. पाचही जणांची नक्षत्रं एका चिठ्ठीवर लिहून नवऱ्याच्या खिशात ठेवा.

चिंचगूळ

अय्यो. सासूबाईंचं नक्षत्र सोडा, जन्मतारीखच माहीत नाही. "आखाडात झाले, पाऊस फार होता" एवढंच सांगतात.

कडीपत्ता

मग "सामी पेरुक्कु" म्हणायचं, म्हणजे देवाच्याच नावाने करा. तिथली माणसंही कितीतरी वेळा तसंच सांगतात, गुरुजी काहीही न विचारता पुढे मंत्र सुरू करतात.